मागच्या रांगेतली अल्पायुषी मंडळी

जून महिन्यात इंग्लंडातल्या एखाद्या जुन्या बागेत गेलं की भिंतीच्या किंवा नीट छाटलेल्या कुंपणाच्या कडेने गेलेला लांबलचक ताटवा दिसतो. तिथे त्याला बॉर्डर म्हणतात आणि आपल्याकडचे हौशी बागवानही आता तोच शब्द वापरतात. पुढे घोट्याएवढी झाडं, मध्ये कमरेएवढी, मागे डोक्यावरून जाणारी. कॅमेरे मात्र वळतात ते मागे. डेल्फिनियमचे निळे तुरे, फॉक्सग्लव्हच्या ठिपकेदार घंटा, व्हर्बास्कमच्या पिवळ्या काठ्या, थोड्या पुढे ल्युपिनचे दुरंगी कणसासारखे फुलोरे, आणि जुलै उजाडला की पुरुषभर उंचीचं होलीहॉक. बॉर्डरचा सगळा रुबाब या पाच-सहा जातींवर उभा असतो. आणि नेमकी हीच झाडं फार जगत नाहीत.

पिओनी एकदा लावली की पन्नास वर्षं त्याच जागी फुलते आणि घराबरोबर वारशात जाते. ल्युपिन पाचव्या वर्षी दिसेल याची हमी कोणी देत नाही. होलीहॉक दोन-तीन वर्षांत संपतं. साधं जांभळं फॉक्सग्लव्ह तर पहिल्या वर्षी पानं, दुसऱ्या वर्षी फुलं, आणि मग बहुतेकदा कायमचा निरोप. रोपवाटिकेत यांच्यातल्या बहुतेकांच्या कुंडीवर ‘बहुवर्षायू’ असंच छापलेलं असतं. एका वर्षात न मरणारं ते बहुवर्षायू, एवढाच त्याचा हिशोब. गिऱ्हाईक मात्र ते ‘कायमचं’ असं वाचतं, पैसे मोजतं आणि तिसऱ्या वसंतात मोकळ्या जागेकडे बघत माळ्याला किंवा हवेला दोष देतं.

या पेचावर गेल्या दीडशे वर्षांत निरनिराळी उत्तरं दिली गेली. कोणी झाडाचं आयुष्य वाढवायला गेलं, कोणी दरवर्षी नवी रोपं आणून बसवली, कोणी संकर केले, कोणी सगळं वाऱ्यावर आणि बियांवर सोडलं. माझं मत सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. अशा झाडांच्या बाबतीत झाड राखायचं की त्याचा वंश राखायचा, हे आधी ठरवावं लागतं. दोन्ही एकदम हवं असलेल्यांची बॉर्डर तिसऱ्या वर्षी टकली होते.

ही झाडं लवकर का मरतात, याचं उत्तर बरंचसं जमिनीलगत आहे, खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या मानेपाशी. मार्चमध्ये फ्लॉक्स किंवा ॲस्टरचा गड्डा उकरून हाताने ओढून बघा, प्रत्येक कोंब स्वतःची मुळं घेऊन वेगळा निघतो. आपल्या केळीचं जे तत्त्व, तेच. घड दिलेली केळ जाते, पण मुनवे आपापल्या मुळांवर उभे असतात, म्हणून बाग संपत नाही. होलीहॉक उकरलं तर सगळे कोंब एकाच मानेवर आणि खाली एकच जाड सोटमूळ. वेगळं करण्यासारखं काही नाहीच. ती मान कुजली, गोगलगायींनी पोखरली किंवा नुसती म्हातारी झाली की झाड संपलं. नोएल किंग्सबरी या इंग्रज बागलेखकाने शेफील्ड विद्यापीठात बहुवर्षायू झाडांच्या टिकाऊपणाचा अभ्यास केला. डच उद्यानकार पीट औडॉल्फ यांच्याबरोबर २०१३ मध्ये त्याने लिहिलेल्या पुस्तकातही या भेदाला मोठं स्थान आहे. बाजारातल्या कुंडीवरच्या चिठ्ठीपेक्षा ही ओढून बघण्याची कसोटी कितीतरी प्रामाणिक आहे.

त्याच शेफील्डमध्ये जे. पी. ग्राइम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात वनस्पतींच्या जगण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या. काही स्पर्धा करून जागा बळकावतात, काही हलाखी सोसून टिकतात, आणि काही उलथापालथ झालेल्या जमिनीवर झटकन येऊन, फुलून, बी टाकून निघून जातात. आपल्या मागच्या रांगेतली बरीच मंडळी या तिसऱ्या तऱ्हेकडे झुकलेली आहेत. जंगल तोडलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिथे फॉक्सग्लव्हचं रान माजतं, आणि झाडोरा पुन्हा दाटला की ते नाहीसं होतं. व्हर्बास्कम रेल्वेच्या खडीत, दरडीवर, रस्त्याच्या कडेला येतं. पहिल्या वर्षी पानांचा चक्राकार गुच्छ जमिनीला चिकटून बसतो आणि सोटमुळात साखर साठवतो. दुसऱ्या वर्षी ती सगळी शिल्लक काढून एका हंगामात माणसाहून उंच दांडा उभा करतो. आपल्याला जी भव्यता वाटते ती खरं तर उधळपट्टी आहे. उंचीचा उपयोग मधमाश्यांना दुरून दिसायला होतो, आणि पुढे वाळलेला दांडा वाऱ्याने हलला की बी लांब फेकायलाही.

एकदाच फुलून मरणं आपल्याला काही नवं नाही. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षं पानांवर काढते, मग डोंगरच्या डोंगर जांभळे करते आणि बी धरून वाळून जाते. कारवीच्या मरणाला कोणी माळ्याची चूक म्हणत नाही. फरक एवढाच की कारवी याबाबतीत कर्मठ आहे. होलीहॉक, ल्युपिन, डेल्फिनियम यांच्याशी थोडी घासाघीस करता येते.

ती घासाघीस म्हणजे फुलं उतरताच दांडा छाटणं. बी भरण्यात झाडाचा मोठा खर्च होतो. तो वाचवला तर मानेपाशी नवे फुटवे येण्याची शक्यता वाढते आणि झाड आणखी एखादं-दुसरं वर्ष काढतं. डेल्फिनियम तर छाटल्यावर, पाणी आणि खत मिळालं, तर सप्टेंबरात लहानसा दुसरा बहरही देतं. पण छाटलेल्या दांड्याचं बी मिळत नाही. म्हणजे झाड वाचवलं की पुढची पिढी जाते, आणि पिढी हवी तर झाड खर्ची पडतं. बागकामाच्या पुस्तकांत ‘सुकलेली फुलं काढा’ आणि ‘झाड आपोआप बी टाकून पसरतं’ ही दोन वाक्यं एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात, याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे.

आता थोडं इतिहासात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडातल्या श्रीमंत बागांत हंगामी फुलांची चाल होती. काचघरात हजारो जिरेनियम, लोबेलिया वाढवायचे, जूनमध्ये जमिनीत रांगोळीसारखे मांडायचे, थंडी आली की फेकायचे. याविरुद्ध विल्यम रॉबिन्सन या तिखट आयरिश माळ्याने रान उठवलं. ‘द वाइल्ड गार्डन’ १८७० मध्ये आणि ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ १८८३ मध्ये आलं. वर्षानुवर्षं टिकणारी, थंडी सोसणारी झाडं लावा, दरवर्षीची उस्तवार बंद करा, असा त्याचा धोशा. बॉर्डर काही त्याने शोधून काढली नाही. चेशायरमधल्या आर्ली हॉलच्या समोरासमोरच्या दोन बॉर्डर १८४० च्या दशकातल्या नकाशात आहेत. पण त्याच्यामुळे तिला प्रतिष्ठा मिळाली, आणि सरेमधल्या मन्स्टेड वुड या आपल्या घरी गर्ट्रूड जीकलबाईंनी तिची कला केली. त्यांची मुख्य बॉर्डर सुमारे दोनशे फूट लांब आणि चौदा फूट रुंद होती. चित्रकार व्हायला निघालेल्या या बाईंची नजर अधू होत गेली होती. रंगांचे मोठे, एकमेकांत मिसळणारे पट्टे मांडण्याची त्यांची पद्धत नंतर सगळ्या जगाने उचलली.

जीकलबाईंच्या रंगसंगतीची तारीफ सगळेच करतात. मला त्यांच्या लबाड्या जास्त शिकवून जातात. डेल्फिनियम जुलैत उतरलं की मागच्या रांगेत भगदाड पडतं. त्या मागे बहुवर्षायू मटारवेल लावून ठेवत, ती वाळत्या दांड्यांवर ओढून घेत. तिचा बहर सरला की तिच्यावर जांभळी क्लेमाटिस, आणि नंतर पांढरी. तरीही फट राहिली तर कुंडीत वाढवलेल्या लिली आणि हायड्रेंजिया आणून तिथे दडवत. म्हणजे ‘एकदा लावा आणि विसरा’ अशी जिची जाहिरात झाली, त्या बॉर्डरमागे राखीव रोपांचा वाफा, कुंड्या आणि पगारी माणसं उभी होती. रॉबिन्सनने ज्या उस्तवारीला हाकललं होतं ती मागच्या दाराने परत आली. १९१४ च्या महायुद्धाने माळी नेले, मजुरी वाढली आणि हे बिंग फुटलं.

आता एकेका झाडाची गोष्ट, कारण प्रत्येकाबाबत उत्तर वेगळं निघालं.

होलीहॉक हे व्हिक्टोरिया राणीच्या काळात शौकिनांचं फूल होतं, आपल्याकडे शेवंतीचे शौकीन असतात तसे तिथे याचे. एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन गावात विल्यम चेटर या रोपवाटिकावाल्याने भरगच्च दुहेरी पाकळ्यांचे वाण काढले. ‘चेटर्स डबल’ या नावाने त्याचं बियाणं आजही मिळतं. नावाजलेले वाण हुबेहूब राखायचे म्हणून ते फाटे लावून, कलमं करून वाढवत. मग तांबेरा आला. हा बुरशीजन्य रोग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपात तो १८६९ च्या सुमारास पोहोचला आणि १८७३ मध्ये इंग्लंडात शिरला. पानांच्या पाठीवर नारिंगी-तपकिरी पुळ्या, खालून वर एकेक पान वाळत जायचं. काही वर्षांत नामवंत वाणांचे संग्रह उद्ध्वस्त झाले. एकाच अंगाची शेकडो कलमं, तीही जुन्या रोगट गड्ड्यांवरून वाढवलेली, दुसरं काय होणार? उरलं ते बियांवरचं होलीहॉक, खेड्यांतल्या घरांच्या दाराशी आपोआप उगवणारं. आजही तिथले जाणते बागवान होलीहॉकला दोन वर्षांचं पाहुणं मानतात. जून-जुलैत बी पेरतात, पुढच्या उन्हाळ्यात फूल बघतात, फुलल्यावर जुनं झाड तांबेऱ्यासकट उपटून टाकतात. अंजिरासारख्या पानांची आल्सिया फिसिफोलिया ही बहीण या रोगाला सहसा दाद देत नाही, पण पूर्ण सुटका तिलाही नाही. जुन्या झाडाला जीव लावून चौथ्या वर्षापर्यंत ओढणं म्हणजे शेजारच्या रोपांसाठी रोगाचं कोठार राखणं. इथे वंशाची बाजू उघडउघड जिंकते.

ल्युपिनची कथा आणखी बोलकी आहे. डेव्हिड डग्लस या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने १८२० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून ल्युपिनस पॉलिफिलस इंग्लंडात धाडलं. निळं, जरा विरळ, साधं फूल. यॉर्कमध्ये लोकांच्या बागा सांभाळणारा जॉर्ज रसेल नावाचा माळी होता. पन्नाशी उलटल्यावर त्याने दोन भाड्याच्या वाफ्यांवर या फुलाला सुधारायचं ठरवलं. हाताने परागीकरण वगैरे भानगड नाही. निरनिराळ्या जाती शेजारी शेजारी लावायच्या, भुंग्यांना त्यांचं काम करू द्यायचं, आणि उगवलेल्या रोपांतलं जे मनास येत नाही ते निर्दयपणे उपटायचं. वीसेक वर्षं त्याने कोणाला बी विकलं नाही, मोठमोठ्या रोपवाटिकांची मागणी परतवली. शेवटी जेम्स बेकर या व्यापाऱ्याशी जमलं आणि १९३७ च्या जूनमध्ये लंडनच्या प्रदर्शनात रसेलचे ल्युपिन मांडले गेले, तेव्हा तो ऐंशीचा होता. गच्च भरलेले, दोन रंगांचे, लाल-पिवळे-गुलाबी तुरे बघायला लोक लोटले.

रसेलने एकही झाड जपलं नाही, त्याने गर्दी जपली आणि गर्दीतून निवड केली. लोकांनी नेमकं उलट केलं. आवडलेलं झाड धरून ठेवलं, त्याचं बी जसं पडेल तसं पडू दिलं, आणि निवड करायची सोडली. दोन-चार पिढ्यांत वाफा पुन्हा निळा-जांभळा. दुसऱ्या महायुद्धानंतर विषाणूजन्य रोगाने चांगले वाण पोखरले, आणि १९८१ मध्ये अमेरिकेतून एक धिप्पाड करड्या रंगाचा मावा ब्रिटनमध्ये पोहोचला, तो ल्युपिनचा दांडाच्या दांडा झाकून टाकतो. ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर या बागेच्या ख्रिस्तोफर लॉइडने यावर सरळ तोडगा काढला. ल्युपिन वसंतात पेरायचे, शरदात जागेवर लावायचे, मे-जूनमध्ये डोळे भरून बघायचे आणि फुलं उतरताच उपटून त्या जागी हंगामी फुलं लावायची. पहिल्यांदा ऐकताना हे क्रूर वाटतं. पण जुलैतला ल्युपिन, भुरीने पांढरा पडलेला आणि माव्याने चिकट झालेला, ज्याने पाहिला आहे तो लॉइडशी वाद घालणार नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सगळं बियांवरच सोडायचं. डेल्फिनियम त्याला आडवं जातं. कॅलिफोर्नियात फ्रँक राइनेल्ट याने विसाव्या शतकात ‘पॅसिफिक जायंट’ नावाचे बियांवरून जवळपास सारखे येणारे डेल्फिनियम तयार केले, आणि त्यांना किंग आर्थर, गॅलाहॅड, ब्लॅक नाइट अशी आर्थरकथेतली नावं दिली. स्वस्त, देखणे, पण दोन-तीन वर्षांत गारद होणारे. बियांच्या पाकिटांतून जगभर हेच गेले आणि ‘डेल्फिनियम टिकत नाही’ ही ख्यातीही यांनीच पसरवली. उलट १९०१ पासून चालत आलेल्या ब्लॅकमोर अँड लँगडनसारख्या रोपवाटिकांनी नावाजलेले वाण फाट्यांवर राखले. मातीचा निचरा चांगला असेल तर ते बऱ्यापैकी वर्षं काढतात आणि दरवर्षी तोच निळा रंग देतात. फाटा घ्यायची वेळ मात्र पक्की असते. वसंताच्या आरंभी कोंब बोटभर असताना, मानेचा थोडा कठीण भाग धरून. एकदा दांडा पोकळ झाला की त्याला मूळ फुटत नाही, तो कुजतो. इथेही झाड अमर नाहीच. तोच वाण नव्या अंगात पुन्हा सुरू होतो. पण बियांपेक्षा फाटा सरस, हे मान्य केलं पाहिजे. व्हर्बास्कमच्या संकरित वाणांचंही तसंच, फक्त तिथे फाट्याऐवजी हिवाळ्यात मुळांचे तुकडे लावतात.

संकरकर्त्यांनी आणखी एक वाट शोधली, दोन जातींचा संकर करून झाडाचं आयुष्य वाढवण्याची. लंडनजवळच्या मर्टनमध्ये जॉन इनेस संस्थेत १९२० च्या दशकात जांभळ्या आणि पिवळ्या फॉक्सग्लव्हचा संकर झाला. तो डिजिटॅलिस मर्टोनेन्सिस. याचं बी रुजतं, रोपं आईसारखी येतात, आणि गड्डा दर दोन वर्षांनी विभागला तर काही काळ टिकतो. पुढे कॅनरी बेटांवरच्या झुडूपवजा भाऊबंदाशी फॉक्सग्लव्हचा संकर करून ‘इल्युमिनेशन पिंक’ काढलं गेलं, त्याला २०१२ मध्ये चेल्सीच्या प्रदर्शनात वर्षातल्या सर्वोत्तम रोपाचा मान मिळाला. बी धरत नाही म्हणून महिनोन् महिने फुलत राहतं. मात्र कॅनरी बेटांचं रक्त अंगात असल्याने इंग्लंडातला कडक हिवाळा त्याला झेपत नाही. एका हाताने आयुष्य दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. (फॉक्सग्लव्ह, डेल्फिनियम, ल्युपिन ही तिन्ही विषारी आहेत. फॉक्सग्लव्हमधल्या द्रव्याचा हृदयविकारात उपयोग विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये लिहून ठेवला, पण मात्रा जराही चुकली तर तेच द्रव्य जीव घेतं. लहान मुलं असलेल्या घरात हे ध्यानात ठेवावं.)

राहिली वाऱ्यावर सोडण्याची वाट. तीच सर्वांत स्वस्त दिसते आणि तिलाच सर्वांत जास्त अक्कल लागते. दक्षिण अमेरिकेतून अठराव्या शतकात आलेलं व्हर्बिना बोनारिएन्सिस हे तिचं उत्तम उदाहरण. चार-पाच फुटी तारेसारखे दांडे, शेंड्याला जांभळे झुबके, मधून पलीकडचं सगळं दिसतं. म्हणून उंच असूनही ते पुढच्या रांगेत चालतं आणि ‘उंच ते मागे’ हा पाठ केलेला नियम खुशाल मोडतं. कडक हिवाळ्यात मरतं, पण वाळूत, खडीत, फरसबंदीच्या फटीत त्याची पिल्लं निघतात. डिक्स्टरमध्ये ते आणि व्हर्बास्कम वाटेल तिथे उगवतात. लॉइडनंतर ती बाग पाहणारे फर्गस गॅरेट आणि त्यांची माळीमंडळी त्यातलं काय ठेवायचं, काय उपटायचं हे वसंतात ठरवतात. एसेक्समध्ये बेथ चॅटो यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी गाड्या लावायच्या जुन्या जागेवर खडीची बाग केली. तिथे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, माणदेशातल्या शेतकऱ्याला ओळखीचा वाटावा एवढा, आणि वरून पाणी द्यायचं नाही हा त्यांचा नियम. त्या हलक्या, कोरड्या जमिनीत व्हर्बास्कम आणि व्हर्बिना सुखाने नांदतात. अशा झाडांना इंग्लंडात थंडीपेक्षा हिवाळ्यातली ओल जास्त मारते, हे ती बाग दाखवून देते. शेणखत घातलेल्या काळ्या कसदार मातीत हीच झाडं दुप्पट वाढतात, आडवी पडतात आणि लवकर जातात.

या वाटेचा बियांवर भरवसा आहे, आणि तो किती ठेवावा याचा एक विलक्षण पुरावा अमेरिकेत पुरलेला आहे. मिशिगनमध्ये विल्यम बील या प्राध्यापकाने १८७९ मध्ये वाळूत मिसळलेलं तणांचं बी वीस बाटल्यांत भरून जमिनीत पुरलं. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढून पेरायची, असा हा प्रयोग. २००० मध्ये, १२० वर्षांनी, काढलेल्या बाटलीतलं व्हर्बास्कमच्या एका जातीचं जवळजवळ निम्मं बी उगवलं, आणि २०२१ मध्येही व्हर्बास्कमच उगवलं. दोन वर्षं जगणाऱ्या झाडाचं बी शतकाहून अधिक थांबू शकतं. डेल्फिनियमचं बी मात्र याच्या अगदी उलट, उबेत ठेवलं तर लवकर निकामी होतं, म्हणून जाणते लोक ते फ्रिजमध्ये ठेवतात.

बी पडूनही रोपं येत नाहीत अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा दोष आच्छादनाचा असतो. पाणी वाचावं, तण येऊ नये म्हणून आजकाल सगळे दोन-तीन इंच सालपटाचं किंवा कंपोस्टचं पांघरूण घालतात. तण अडवणारं पांघरूण फॉक्सग्लव्हला कसं सोडेल? त्याचं बी धुळीसारखं बारीक, रुजायला उजेड मागणारं. आपोआप उगवणारी झाडं हवी असतील तर काही पट्टे उघडे ठेवून वरची माती हलकेच खरवडावी लागते. आणि फॉक्सग्लव्ह पहिल्यांदा लावताना लागोपाठ दोन वर्षं बी पेरावं, नाहीतर एक वर्ष फुलांचं आणि एक वर्ष नुसत्या पानांचं असा हेलपाटा सुरू होतो. दुसरा धोका अतिरेकाचा. न्यूझीलंडच्या नदीपात्रांत आणि उत्तर युरोपातल्या रस्त्यांच्या कडेला ल्युपिनने स्थानिक वनस्पती हटवल्या आहेत. जे मरतं म्हणून रडावं लागतं, तेच दुसऱ्या देशात मरत नाही म्हणून डोकेदुखी होतं.

उंचीची म्हणून काही वेगळी व्यवस्था लागते, तिच्याबद्दल थोडक्यात. भिंतीला टेकलेल्या बॉर्डरमध्ये उजेड एका बाजूनेच येतो, झाडं त्या दिशेला ताणतात आणि पहिल्या वादळात झोपतात. नॉरफकमधल्या ब्रेसिंगहॅमच्या ॲलन ब्लूमने १९५० च्या दशकापासून हिरवळीच्या मधोमध, चहूबाजूंनी मोकळे वाफे केले. वाफ्याच्या रुंदीच्या निम्म्याहून उंच झाड त्यात लावू नये, असा त्याचा हिशोब. लहान बागेला हा हिशोब फार उपयोगी पडतो, कारण सहा फुटी डेल्फिनियमला बारा फुटांचा वाफा लागतो हे कळल्यावर अर्धी हौस आपोआप फिटते. काठ्या लावायच्या त्या झाड गुडघ्याएवढं असतानाच. आडव्या झालेल्या झाडाला बांधून उभं केलं तर ते पोलिसांनी धरून आणल्यासारखं दिसतं. मे अखेरीस शेंडे खुडून झाड बुटकं आणि दाट करण्याची तिथे एक लोकप्रिय युक्ती आहे, ती ॲस्टरला चालते. एकच मुख्य तुरा देणाऱ्या डेल्फिनियमला किंवा फॉक्सग्लव्हला ती केली तर त्या वर्षीचं मुख्य फूल गेलं.

इंग्लंडातल्या बागा बघून आलेली मराठी माणसं बियांची पाकिटं घेऊन येतात, म्हणून आपल्या हवेबद्दल दोन शब्द. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात होलीहॉक आणि डेल्फिनियमचा हंगामी भाऊबंद लार्कस्पर छान येतात, जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या दिवसांत शहरातल्या बागांमध्ये हिवाळी फुलांचा थाट असतोच. पण ती इथे निव्वळ हंगामी झाडं आहेत. एप्रिल-मेच्या उन्हातून डेल्फिनियम किंवा ल्युपिन जगवण्याचा खटाटोप करू नये. महाबळेश्वरची हवा थंड म्हणून तिथे जमेल असं वाटतं, पण साडेपाच हजार मिलिमीटरच्या पावसात सोटमुळाची मान कुजायला चार महिने भरपूर होतात. फॉक्सग्लव्ह हवंच असेल तर फुलण्यासाठी थंडीची अट नसलेले ‘डाल्मेशियन’, ‘कॅमेलॉट’सारखे वाण घ्यावेत. जुन्या वाणांना हिवाळ्याची खरी थंडी लागते, ती पठारावर मिळत नाही. उंच, झुळझुळीत आणि दोन-तीन वर्षं टिकणारं काही दख्खनच्या उन्हात लावायचं असेल तर टेक्सासकडचं गाउरा बघावं. उंच गादीवाफा, मुरमाड माती, खत बेताचं, आणि पावसाळ्याआधी निम्म्यावर छाटणी.

आपल्याकडे होलीहॉकचं बी सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, रात्रभर भिजवून थेट जागेवर टोकावं. सोटमूळ असल्याने मोठं झालेलं रोप हलवलेलं त्याला सोसत नाही. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर, खालची तांबेरा पडलेली पानं दिसतील तशी काढून जाळायची, खतात टाकायची नाहीत. मार्चमध्ये सगळ्या झाडांवरचं बी गोळा करायचा मोह होतो. त्यातल्या ज्यांचा दांडा सरळ राहिला आणि ज्यांच्या पानांवर पुळ्या सगळ्यांत कमी, त्या दोन-तीन झाडांनाच फीत बांधून ठेवावी, बी त्यांचंच धरावं, आणि बाकीची झाडं फुलं उतरताच उपटून टाकावी.